स्लॅबमधलं मीठ

बांधकामावर काँक्रीट ओतून झालं की ‘स्लॅब पडला’ म्हणतात. आनंदानं म्हणतात, वर पेढे वाटतात. आमच्या कॉलनीच्या विहाराचा स्लॅब पडला त्या दिवशी माझा दहावीचा शेवटचा पेपर होता. घरी आले तर दाराला कुलूप. शेजारच्या आजी ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “सगळी प्लॉटवर आहेत. तूही जा, घमेलं धरायला माणूस कमी पडतंय.” कंपासपेटी त्यांच्याजवळ टाकली आणि पळाले.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती. आमची कॉलनी नाशिकच्या कडेला, पांडवलेण्यांच्या डोंगराखाली. शहर तिथं संपायचं. पुढं हायवे आणि द्राक्षाचे मळे. कॉलनीत कारकून, प्राथमिक शिक्षक, सातपूरच्या कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार. बहुतेक सगळी बौद्ध कुटुंबं, निफाड, सिन्नर, येवल्याकडच्या खेड्यांतून आलेली. स्वतःची घरं बांधायच्या आधी या लोकांनी विहारासाठी एक प्लॉट मोकळा सोडला होता. त्यावर पत्र्याची शेड होती. रविवारची वंदना, लग्नं, मयताच्या नंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, सगळं त्या पत्र्याखाली व्हायचं. सकाळी माझी आई तिथंच बालवाडी घ्यायची. उन्हाळ्यात पत्रा इतका तापायचा की मुलांना लवकर घरी पाठवावं लागे आणि आई परत यायची ती डोकं धरूनच.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी. दुकानदाराशी बोलायचं, सिमेंट आणायचं, वाळूची गाडी आली की खाली होईपर्यंत उभं राहायचं, ही सगळी कामं त्यांच्याकडे होती. ऑफिसातून आले की चहाही उभ्याउभ्या घेत आणि प्लॉटवर जात. आई म्हणायची, “घर बांधताना एवढे फिरले नाहीत तुमचे अण्णा.”

भिंती उभ्या राहिल्या आणि स्लॅबची वेळ आली तेव्हा मार्च निम्मा सरला होता. एप्रिलमधल्या जयंतीला विहाराचं उद्घाटन ठरलं होतं. मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्यात मिस्त्रींनी दुसरीच अडचण सांगितली. हे मिस्त्री सिन्नरकडचे, वयस्क, कॉलनीतली निम्मी घरं त्यांच्याच हातची. ओला स्लॅब खालून तोलून धरणाऱ्या सेंट्रिंगच्या फळ्या आणि टेकू ज्याच्याकडून आणले होते त्याला ते पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजच्या कामावर लवकर न्यायचे होते.

“मग कसं करायचं?” अण्णांनी विचारलं. आमच्याच ओट्यावर बसून हे बोलणं झालं, म्हणून मला आठवतं.

“काय नाय, अण्णा. औषध टाकू. येका दिवसात दगड होतंय. आठवड्यात फळ्या खोलू, जयंतीला पाहुणं आलं तर वर नाचू द्या त्यांना.”

“औषध म्हणजे?”

“येतंय दुकानात. द्वारका चौकाकडं मिळंल. पांढरं असतंय, मिठावानी. म्या लय जागी टाकलंय.”

दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसला रजा टाकून स्कूटरवरून ते घेऊन आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत पांढऱ्या चकत्यांसारखे तुकडे होते. पिशवी एका कोपऱ्यात फाटली होती आणि तिथं ते आपोआप ओलसर झाले होते, पावसाळ्यात मीठ होतं तसे. अण्णांनी ती पिशवी घरात आणली, जुन्या चादरीत गुंडाळली आणि आम्हाला बजावलं, “हात लावू नका, विहाराचं आहे.”

पेपरच्या दिवशी मी पळत प्लॉटवर पोचले तेव्हा मिक्सर घरघरत होता. सुरगाण्याकडची मजुरांची टोळी आली होती आणि त्यांच्या मध्येमध्ये आमच्या कॉलनीतल्या बायका-पुरुष रांगेत उभे राहून घमेली पुढं देत होते. रांगेत सगळ्यात पुढं, शिडीच्या पायथ्याशी, आई. पदर खोचलेला, कपाळावर सिमेंट. तिनं माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली, पेपर कसा गेला हे विचारायलाही तिला सवड नव्हती.

पाण्याच्या पिंपात मिस्त्रींनी ते तुकडे टाकले आणि काठीनं ढवळलं. थोड्या वेळानं पिंप कोमट लागायला लागलं. खाली जाळ नाही, काही नाही, तरी पाणी तापलेलं. लोक कौतुकानं येऊन हात लावून जात होते. मीही लावला. कुणीतरी म्हणालं, “औषधात जीव आहे.” मिस्त्रींनी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी मान डोलावली, आणि मिस्त्रींनी आणखी दोन ओंजळी टाकल्या. काम विहाराचं होतं, कमी पडायला नको.

त्या दिवशी वारं सुटलं होतं, कोरडं आणि तापलेलं. काँक्रीट इतकं पटापट घट्ट व्हायला लागलं की वरचा कारागीर ओरडत होता, “सपाट करायच्या आधीच धरतंय!” माणसं धावत होती. संध्याकाळी नारळ फुटला, पेढे वाटले. अण्णा स्लॅबच्या कडेला उभे राहून लेण्यांकडे बघत होते. त्यांचे हात कोपरापर्यंत करडे झाले होते. इतक्या समाधानात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर तर नाहीच.

सकाळी वर पाणी मारायला गेलेल्यांना स्लॅबभर बारीक चिरा दिसल्या, तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा. अण्णा घाबरले. मिस्त्री वर चढले, बसून बोटानं चीर चाचपली.

“केस हायेत हे, अण्णा. केस. उन्हाच्या स्लॅबला येतातच.”

सिमेंटचं पातळ पाणी करून केस भरले. आठवड्याभरात फळ्या निघाल्या. सगळे खाली उभे राहून श्वास रोखून बघत होते. स्लॅब तसूभरही हलला नाही. टाळ्या वाजल्या. जयंतीला पाहुणे आले, झेंडूच्या माळा लागल्या, निळे झेंडे लागले, आणि पोरं खरोखर वर जाऊन नाचली.

मी डिप्लोमाला सिव्हिल घेतलं ते त्या स्लॅबमुळं. कॉलनीतल्या मुली डी.एड. करायच्या, नर्सिंगला जायच्या. मला मात्र ओल्या चिखलासारखं काहीतरी एका दिवसात दगड कसं होतं हे समजून घ्यायचं होतं. अण्णांना फार आनंद झाला. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं असावं, कारण त्यांच्या साहेबांनी माझ्यासाठी एक जुना ड्रॉइंग बोर्ड पाठवला.

दुसऱ्या वर्षी काँक्रीट शिकवणारे आमचे सर एकदा फळ्याजवळ उभे राहून सांगत होते, काँक्रीटमध्ये घालायची रसायनं किती प्रकारची असतात ते. काही पाणी कमी करतात, काही काँक्रीट उशिरा घट्ट होऊ देतात, काही लवकर. लवकर घट्ट करणाऱ्यांत सगळ्यात स्वस्त म्हणजे कॅल्शियम क्लोराइड. पांढरं असतं, पाण्यात टाकलं की पाणी तापतं. मी वहीतून मान वर केली. सर म्हणाले, “पहिल्या दिवसांत ताकद भराभर येते, म्हणून लोकांना आवडतं. पण काँक्रीट सुकताना जास्त आकसतं, चिरा पडतात. आणि खरा धोका पुढंच. सळईवर काँक्रीटमुळं एक संरक्षक थर तयार झालेला असतो, हा क्लोराइड तो फोडतो. आतून गंज सुरू होतो. गंजलेलं लोखंड फुगतं, काँक्रीट ढकलून देतं. जिथं सळई आहे तिथं हे घालू नका.”

पुढं ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

घरी आले तेव्हा अण्णा ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. मी शेजारी बसले आणि सरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. त्यांचा ब्रश थांबला.

“आपलं तेच होतं का?”

“तेच असणार. पाणी तापलं होतं ना, अण्णा.”

“दुकानदार तर काही बोलला नाही.”

“त्यालाही माहीत नसेल.”

“आता काढता येईल का ते?”

“नाही.”

“किती वर्षं?”

“सांगता येत नाही. पाणी मुरलं तर लवकर.”

त्यांनी हातातला बूट खाली ठेवला. मग उठून, पायात काहीही न घालता विहाराकडे गेले. मी मागं गेले. हॉल रिकामा होता. वर पाहिलं तर पांढराशुभ्र चुना, आणि दोन-तीन ठिकाणी ओलसर डाग, जे आम्ही सगळे ‘गळतं’ म्हणून सोडून देत होतो. पाऊस जाऊन कितीतरी दिवस झाले होते. डाग तरी ओलेच होते.

अण्णांनी कमिटीच्या बैठकीत हे मांडलं. अध्यक्ष त्यांचे जुने मित्र, एका शाळेत मुख्याध्यापक. ते हसून म्हणाले, “अण्णा, पोरीचं पुस्तक आहे ते. त्या स्लॅबवर पन्नास माणसं नाचली आपल्यासमोर.” माझ्या विनंतीवरून सर एका रविवारी येऊन गेले, डाग पाहिले, हातोडीनं ठोकून पाहिलं. म्हणाले, मीठ आत आहे, ते बाहेर काढायचा उपाय माझ्याकडे नाही. वरून पाणी मुरू देऊ नका, म्हणजे जरा सावकाश होईल. स्लॅबवर कोबा घातला. त्यापलीकडे कुणी काही केलं नाही. करण्यासारखं फारसं नव्हतंही.

मग वर्षं गेली, आणि अण्णांनी ती वर्षं आढ्याकडे बघत काढली. वंदनेला सगळे डोळे मिटून बसत तेव्हा अण्णांचे डोळे उघडे असत. मी शेजारी बसून चोरून बघायची. हात जोडलेले, ओठ हलताहेत, नजर वर. एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्या छातीकडे बघत राहावं तशी.

डिप्लोमा झाल्यावर मला एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. गंगापूर रोडकडे नव्या इमारती उठत होत्या आणि ठेकेदार काँक्रीटचे ठोकळे तपासायला आमच्याकडे पाठवत. मशीनमध्ये ठोकळा ठेवायचा, दाब वाढवत न्यायचा, फुटेपर्यंत. पाणी कमी करणारं रसायन घातलेले ठोकळेही येत. त्यांचं मला कौतुक वाटे. पाणी कमी लागतं, तरी काँक्रीट घट्टमुट्ट न होता नीट पसरतं. पाणी कमी म्हणून आकसणंही कमी, आत भोकं कमी, ताकद जास्त. एकीकडे असं औषध आणि दुसरीकडे आमचं. दोन्ही एकाच दुकानात एकाच फळीवर मिळायची आणि मिस्त्रींच्या तोंडी दोन्हींना एकच शब्द होता.

एका पावसाळ्यानंतर आढ्यावर पहिली तांबूस रेघ उमटली. सरळ, सळईच्या बरोबर खाली. अण्णांनीच ती मला दाखवली. आम्ही दोघं खाली उभे, आणि ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “सुरू झालं ना?”

“हो.”

रेघेची चीर झाली. चिरेच्या बाजूचा चुना फुगला. त्या जयंतीला रंग मारला, पुढच्या जयंतीला पुन्हा. एका वर्षी गिलावा करून वर पुट्टी भरली. दर वेळी मी जाऊन सांगायची की वरून लिंपून आतलं थांबत नाही, स्लॅब उतरवावा लागेल. लोक ऐकून घ्यायचे. माझ्याबद्दल कुणाला राग नव्हता. पण उतरवायचा म्हणजे पुन्हा पत्र्याखाली जायचं, आणि पत्र्याखालून यायला या माणसांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. मग दोन हजार सालानंतर कधीतरी दुबईला गेलेल्या एका मुलानं विहाराला देणगी दिली आणि तिच्यातून छताखाली पांढऱ्या चौकोनी तुकड्यांचं फॉल्स सीलिंग बसवलं. हॉल एकदम ऑफिससारखा दिसायला लागला. बायका म्हणाल्या, किती छान. अण्णांना मात्र आता वरचं काही दिसत नव्हतं. ते पांढऱ्या चौकोनांकडेच बघत बसायचे.

मी कमिटीला म्हटलं, “निदान बालवाडी तरी इथून हलवा.” जागा शोधतो म्हणाले. आईला मी रोज सांगायची. ती म्हणायची, “कुठं नेऊ पोरांना? उन्हात बसवू?”

ती पावसाळ्यातली सकाळ होती. मुलं भिंतीच्या कडेला ओळीनं बसून उसळ खात होती आणि आई मधून वाढत चालली होती. वरून एक ढलपा सुटला, फॉल्स सीलिंगचा तुकडा घेऊन खाली आला आणि आईच्या उजव्या हातावर पडला. मुलांना खरचटलंसुद्धा नाही. आईनं आधी त्यांना बाहेर काढलं, मग पायरीवर बसली. मला कॉलेजवर फोन आला. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा अण्णा बाकावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर आईची चप्पल होती, एकच.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. हाड जुळलं, पण बोटं पुन्हा पुरती मिटली नाहीत. आईला भाकरी थापता येईना, मुलांना ग म भ न गिरवून दाखवता येईना. बालवाडी बंद पडली. अण्णांनी न बोलता पीठ मळायला घेतलं. त्यांच्या भाकऱ्या जाड व्हायच्या, कडा फाटायच्या. आई खायची. एकदा ती हसून म्हणाली, “भाकरीला पण केस आलेत हो.” अण्णा तव्यासमोरून उठून गेले, आणि ती रडायला लागली. तिला तसं म्हणायचं नव्हतं.

विहाराला कुलूप लागलं. त्यानंतर काही दिवसांनी अण्णा मला म्हणाले, “तू ते तपासतेस ना? मला दाखव.”

“काय दाखवू, अण्णा? आपल्याला माहीतच आहे.”

“माहीत आहे. बघितलं नाही मी.”

मी पडलेल्या ढलप्याचा तुकडा प्रयोगशाळेत नेला. सुट्टीचा दिवस होता, खोलीत आम्ही दोघंच. साध्या काँक्रीटचा एक ठोकळा फोडला आणि दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. मग दोन्हींवर सिल्व्हर नायट्रेट फवारलं. या द्रावणानं माझी बोटं कायम काळी असायची, अण्णा त्यावरून नेहमी चिडवायचे. त्या दिवशी काही बोलले नाहीत. साधा तुकडा हळूहळू तपकिरी झाला. आमच्या विहाराचा तुकडा पांढरा पडला, फाटलेल्या दुधासारखा, कडेपासून कडेपर्यंत.

“पांढरं म्हणजे मीठ?”

“हो.”

“हे मी आणलेलं.”

“तुम्ही एकट्यानं नाही आणलं, अण्णा. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मिस्त्री म्हणाले, दुकानदारानं दिलं—”

“चादरीत गुंडाळून ठेवलं होतं मी ते,” अण्णा म्हणाले. “पोरांचा हात लागू नये म्हणून.”

ते बराच वेळ त्या पांढऱ्या डागाकडे बघत राहिले. मग त्यांनी तो तुकडा खिशात घालायला उचलला. मी म्हटलं, नको, हात काळे होतील, तर परत ठेवला.

अण्णा अधूनमधून लेण्यांवर जायचे. त्यानंतरच्या रविवारी मीही गेले. पायऱ्यांवर त्यांना आता धाप लागत होती. एका गुहेत, भिंतीला कोरलेल्या बाकावर आम्ही बसलो. आत गार होतं. अण्णांनी मान मागं टाकून वर बघितलं. सपाट, कोरडा दगड.

“दोन हजार वर्षं,” ते म्हणाले. “आणि आमचं पंधरा-सोळाही नाही.”

“अण्णा, हा डोंगरच आहे. हे कुणी ओतलेलं नाही.”

“तेच म्हणतोय मी. आम्हाला ओतावं लागलं.”

स्लॅब उतरवायचा ठराव शेवटी झाला. यंत्रं लावून तोडकाम सुरू झालं तेव्हा कॉलनी रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मी नोकरीतून रजा घेऊन आले होते. जे काँक्रीट खाली येत होतं त्याच्या आतल्या सळया पाहिल्या. मूळच्या बोटाएवढ्या जाड सळया काही ठिकाणी काडीएवढ्या राहिल्या होत्या. एक मी हातात घेतली तर तिचे पापुद्रे सुटून माझ्या ओढणीवर पडले. एवढ्यावर इतकी वर्षं लग्नं लागली, मुलं बसली.

मिस्त्री आले होते. खूप थकले होते, नातवाच्या आधारानं उभे होते. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. अण्णांनी त्यांना पाहिलं आणि जवळ जाऊन उभे राहिले. मग मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“मला ठावं नव्हतं, अण्णा.”

“मलाही नव्हतं.”

“लय जागी टाकलं हाय म्या हे.”

हे त्यांनी हळू म्हटलं, पण आजूबाजूच्यांनी ऐकलं. अध्यक्ष पुढं आले. “कुठं कुठं, मिस्त्री? कॉलनीत टाकलंत?”

“आता सांगता येत नाय.”

“आमच्या घराला?”

“तुमच्या नाय... नसंल. आठवत नाय मला.”

एकेक जण येऊन विचारायला लागला. माझ्या घराला? आमच्या जिन्याला? भावाच्या घराला, त्याचा स्लॅब पण उन्हाळ्यातच पडला होता? मिस्त्री सगळ्यांना ‘नसंल’ म्हणत राहिले. शेवटी नातू त्यांना घेऊन गेला. संध्याकाळी आमच्या दाराशी तीन-चार बायका आल्या, हातात पिशव्या, पिशव्यांत घराच्या कोपऱ्यातून काढलेले काँक्रीटचे तुकडे. ताई, एवढं तपासून द्या. मी दिलं. काही तपकिरी झाले. दोन पांढरे पडले. ज्या दोघींचे पांढरे पडले त्यांना मी खरं सांगितलं. त्यातली एक आजही त्याच घरात राहते. कुठं जाईल?

नव्या विहाराच्या बैठका सुरू झाल्या. आता कमिटीत तरुण पोरं होती. त्यांनी शहरातला एक इंजिनीअर आणला. त्यानं समजावून सांगितलं की काँक्रीट प्लांटमध्ये तयार होऊन गाडीतून येईल, त्यात पाणी कमी करणारं रसायन असेल. रसायन म्हटल्याबरोबर अण्णा उठले.

“काही घालू नका,” ते म्हणाले. “सिमेंट, वाळू, खडी, पाणी. बाकी काही नको.”

“काका, आता तसं होत नाही,” एक मुलगा म्हणाला. “ताईंनाच विचारा.”

सगळे माझ्याकडे वळले. अण्णाही. मी काय सांगणार होते? मला जे माहीत होतं ते खरं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले की सगळी औषधं सारखी नसतात. हे वेगळं आहे, ह्यात मीठ नाही, ह्यानं चिरा कमी पडतात, स्लॅब जास्त टिकतो. उलट हे न घालता मजूर काँक्रीटमध्ये जास्तीचं पाणी ओततात तेच वाईट. मी नेहमीसारखंच बोलले, कॉलेजात मुलांना सांगते तसं, व्यवस्थित. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. “बरं,” म्हणाले, आणि खाली बसले. त्यांच्यामागं कुणीतरी हसलं, मोठ्यानं नाही.

घरी जाताना मी म्हटलं, “अण्णा, तुम्हाला खोटं पाडायचं नव्हतं मला.”

“तू बरोबरच सांगितलंस.”

“मग?”

“त्या वेळी मिस्त्रीही असंच बोलला होता,” अण्णा म्हणाले. “अगदी असंच. सगळं माहीत असल्यासारखं.”

त्यानंतर काँक्रीटचा विषय त्यांनी माझ्याजवळ कधीच काढला नाही. मी कामावरून आले की आईबद्दल, भाजीबद्दल बोलायचे. माझ्या बोटांकडे बघायचेही नाहीत.

विहार झाला नाही. आधी खाली दुकानांचे गाळे काढावेत की नाही यावर वाद झाला, मग अध्यक्षपदावरून, मग कॉलनीचे दोन गट पडले आणि दोघांच्या जयंत्या वेगळ्या झाल्या. प्लॉटवर गवत वाढलं. पाडलेल्या स्लॅबचा ढीग कुणीच उचलला नाही, तो बरेच दिवस तसाच पडून होता आणि अण्णा स्टँडवर जाताना लांबच्या गल्लीनं जायचे.

अण्णा गेले ते दुपारी, जेवण झाल्यावर, खुर्चीत. आजार असा काही नव्हता. पुण्यानुमोदनाला जागा हवी होती. हायवेजवळ एक लॉन्स आहे, तिथला छोटा हॉल सकाळपुरता भाड्यानं घेतला. संध्याकाळी तिथं कुणाचं तरी लग्न होतं. मंडपवाले स्टेजवर गुलाबी पडदे लावत होते, आम्ही विनंती केल्यावर थोडा वेळ थांबले. दोन्ही गटांची माणसं आली होती, दोन बाजूंना बसली. वंदना झाली. मग एकेक जण उठून अण्णांबद्दल बोलला. सगळे म्हणाले, त्यांनी विहार उभा केला, उन्हातान्हात उभे राहिले, स्वतःच्या हातानं सामान आणलं. स्लॅबबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. चांगल्या मनानंच काढलं नाही.

आई माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, “तू बोल ना काहीतरी.” मी उठले, अण्णांच्या फोटोपर्यंत गेले, आणि पहिलं वाक्य मनात जुळलं ते कॉलेजात मुलांना सांगते तसंच, व्यवस्थित. मंडपवाल्यांपैकी एक जण दाराशी येऊन घड्याळाकडे बघत उभा होता. मी फोटोला फूल वाहिलं आणि जागेवर येऊन बसले. थोड्या वेळानं लोकांनी खुर्च्या सरकवायला सुरुवात केली.